एकाच शिवराईचे तीन भाव कसे?

वाचकाचं पत्र:

"नमस्कार. मी सांगलीच्या गावभागात राहते. मागच्या वर्षी सासरे गेले. त्यांच्या कपाटात पत्र्याचा एक डबा निघाला. त्यात तीसेक चांदीचे रुपये आहेत, काही राणीछाप, काही राजाछाप. त्यातल्या सहांना कडी लावलेली आहे, ते सासूबाईंच्या माळेतले. शिवाय दहा-बारा शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), मूठभर भोकाचे पैसे, फारसी अक्षरांचा एक जाडसर रुपया, राम-सीतेचं चित्र आणि 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' असं असलेलं एक मोठं नाणं, आणि वैष्णोदेवीची पाच रुपयांची नाणी. २०१९ च्या पुरात डबा भिजला होता, तेव्हापासून तांब्याची नाणी हिरवी पडलीत.

इथे नाण्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा डबा घेऊन गेले. एकाने सगळं चांदीच्या भावाने मागितलं. दुसऱ्याने डबा चाळून एकच शिवराई उचलली आणि तिचेच दीड हजार देतो म्हणाला. तीच शिवराई तिसऱ्याने दोनशेची सांगितली. राम-सीतेच्या नाण्याकडे कुणी पाहिलंही नाही. भाचा मोबाइलवर व्हिडिओ दाखवतो, त्यात वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो मिळतात. तो म्हणतो, परदेशात विकू. दीर म्हणतात, प्रदर्शनातले सगळे लुटणारे, सराफ कट्ट्यावर मोडून टाका आणि वाटणी करून मोकळे होऊ. खरा भाव कुणाचा धरायचा? आणि नाणी घासून स्वच्छ केली तर जास्त येतील का?"

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात एकदा चूक झाली की दुरुस्ती नाही. नाणी घासू नका. चिंच-मीठ नको, लिंबू नको, राख नको, चांदी उजळायची पावडर नको. लक्ष्मीपूजनाच्या आधी आपल्याकडे घरोघरी रुपये घासले जातात, ते साहजिकही आहे. पण संग्राहकाच्या दृष्टीने नाण्याचा निम्म्याहून जास्त भाव त्या घासण्यात जाऊ शकतो. टांकसाळीत ठशाचा दाब बसताना धातू मधून कडेकडे सरकतो आणि त्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात. न वापरलेलं नाणं उजेडात फिरवलं की चकाकी त्याच्यासोबत गोल फिरते, ती या रेषांमुळे. घासलं की रेषा जातात आणि त्यांच्या जागी ओरखडे येतात. नाणं पुन्हा काळं पडलं तरी भिंगाखाली ते ओरखडे लपत नाहीत. चांदीवर वर्षानुवर्षांनी आलेली करडी-निळसर झाक ही घाण नव्हे. जाणकार माणूस तिच्यासाठी उलट जास्त पैसे मोजतो.

तांब्याच्या नाण्यांचं मात्र लगेच पाहायला हवं. हिरवेपणा दोन तऱ्हेचा असतो. एक घट्ट, गुळगुळीत, नाण्याशी एकजीव झालेला. तो तसाच राहू द्या, तो तांब्याचं रक्षणच करतो. दुसरा फिकट हिरवा आणि भुकटीसारखा, बोटाला लागणारा. हा तांबं आतून खात जातो आणि ओल मिळाली की वाढतो. अशी नाणी बाकीच्यांपासून वेगळी काढा. डिस्टिल्ड वॉटरमध्ये काही दिवस बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, मग सुती कापडाने नुसती टिपा, चोळू नका. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरीनने हाच त्रास वाढतो. पूर्ण वाळल्यावर एकेक नाणं कागदी पाकिटात किंवा नाण्यांसाठी मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये ठेवा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. मऊ पीव्हीसीच्या प्लॅस्टिक पिशव्या टाळा. काही वर्षांनी त्याच नाण्याला चिकट हिरवट थर देतात.

आता तीन भावांकडे येऊ. तिघांपैकी कुणीही खोटं बोललेलं नसेल, हे आधी लक्षात घ्या. प्रत्येकाने वेगळ्या गोष्टीची किंमत सांगितली.

पहिल्याने धातूची सांगितली. ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे जुन्या मापाचा बरोबर एक तोळा. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या रुपयांत ९१.७ टक्के चांदी, म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयांचं वजन तेवढंच, पण चांदी निम्मीच, कारण दुसऱ्या महायुद्धात चांदी वाचवायची होती. १९४७ चा रुपया तर निकेलचा आहे, त्यात चांदी नाही. म्हणून तुमचे रुपये सालाप्रमाणे तीन ढिगांत लावा. पेपरमधला त्या दिवशीचा चांदीचा भाव घेऊन गुणाकार केलात की कळेल, याच्या खाली कुणालाच काही द्यायचं नाही. हा तुमचा तळ आहे. पहिल्या गृहस्थाने तळाचा भाव सांगितला. बहुतेक रुपयांसाठी तो फारसा चुकीचाही नाही, पण शिवराया आणि फारसी रुपया त्याच ढिगात घालणं चुकीचं होतं.

तळाच्या वर भाव कशाने चढतो? सगळ्यांना वाटतं, जुनेपणाने. तसं असतं तर दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहनांचं नाणं सगळ्यांत महाग असायला हवं होतं. त्या काळची साधी, झिजलेली नाणी प्रदर्शनात काही शे रुपयांना मिळतात. आणि १९३९ चा रुपया, तुमच्या सासऱ्यांच्या पिढीतल्या लोकांच्या जन्माच्या आसपासचा, लाखांत जातो.

या १९३९ च्या रुपयात किमतीची सगळी मेख आहे. तो टांकसाळीत पाडला गेला खरा, पण लोकांच्या हातात जवळजवळ गेलाच नाही. पुढच्या वर्षी कमी चांदीचे रुपये आले आणि आधीची बहुतेक नाणी वितळवली गेली. उरली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नसली तरी फार थोडी. याच्या उलट १९१८ चा रुपया बघा. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची एवढी ओढ होती की अमेरिकेने त्या वर्षी पिटमन कायदा करून आपल्या तिजोरीतली चांदी ब्रिटनला विकली, आणि तिच्यातून मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळींनी कोट्यवधी रुपये पाडले. म्हणून १९१८ चा रुपया आजही कोणत्याही सराफाकडे सापडतो आणि चांदीच्या भावाच्या थोडाच वर जातो. दोन्हींचं वजन एक, चांदी एक. फरक फक्त किती उरले याचा. किती पाडले यापेक्षाही किती उरले याला जास्त महत्त्व आहे. (तुमच्या डब्यात १९३९ निघालाच तर आनंद करण्याआधी तो भिंगाखाली धरा. १९३८ च्या शेवटच्या ८ चा ९ करून विकणारे पुष्कळ आहेत. त्या आकड्याभोवतीचा पृष्ठभाग नाण्यावरच्या बाकीच्या मोकळ्या जागेपेक्षा वेगळा, खरवडलेला किंवा सपाट केलेला दिसला तर शंका घ्या.)

राणीछापांतही साल वाचून फसायला होतं. १८६२ चे रुपये खूप दिसतात, कारण तेच साल ठशावर ठेवून पुढे १८७४ पर्यंत रुपये पाडले जात होते. बारीक टिंबांच्या जागांवरून संग्राहक त्यांचे प्रकार ओळखतात, आणि त्यांतले काही प्रकार इतरांपेक्षा बरेच दुर्मिळ आहेत. म्हणून १८६२ चे जितके असतील तितके वेगळे ठेवा.

उरलेल्यांची संख्या ही एक बाजू झाली. दुसरी बाजू ते हवं असणाऱ्या माणसांची. पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया याचं चांगलं उदाहरण आहे. राजाच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती इतका लहान आणि आखूड सोंडेचा कोरला गेला की लोकांना तो डुक्कर वाटला. ओरड झाली, नाणी परत घेतली गेली आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. १९११ चे रुपये आजही बऱ्यापैकी मिळतात. खरंखुरं दुर्मिळ म्हणावं असं ते नाणं नाही. तरी ते चांदीच्या कितीतरी पट किमतीला जातं, कारण त्याची गोष्ट प्रत्येक संग्राहकाला ठाऊक आहे आणि प्रत्येकाला ते आपल्या अल्बमात हवं असतं. तुमच्या राजाछापांत १९११ आहे का, हे आजच पाहा. मागणी नुसत्या नावानेही वाढत नाही, हेही तितकंच खरं. १९९९ साली छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं निघालं. आपल्या मनात महाराजांना केवढं स्थान आहे, पण ते नाणं इतकं निघालं की वापरलेलं असेल तर बाजारात त्याला किरकोळ किंमत आहे.

आता शिवराई. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या डब्यातला मोलाचा भाग मला तिथे दिसतो.

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. शिवराईच्या एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसरीकडे दोन ओळींत 'छत्र पति', आणि कडेने टिंबांचं वर्तुळ. हे नाणं महाराजांच्या नंतरही थांबलं नाही. पेशवाईत ठिकठिकाणच्या टांकसाळींतून शिवराया पडत राहिल्या आणि इंग्रजी अंमल आल्यावरही खेड्यापाड्यांत त्या चालत होत्या. त्यामुळे घरात शिवराई निघाली की ती महाराजांच्या हयातीतलीच असते असं नाही. घराघरांत निघतात त्या बहुतेक उत्तरकाळच्या, घाईने पाडलेल्या, अक्षरं वेडीवाकडी झालेल्या. ओळींच्या मध्ये दोन दांड्या असलेली दुदांडी शिवराई तर पुष्कळ मिळते. तिसऱ्या माणसाने तुमची शिवराई या गर्दीतली धरली.

दुसऱ्याने दहा-बारांतून नेमकी एकच उचलली, म्हणजे त्याने काहीतरी पाहिलं. काय पाहिलं असेल ते तुम्हीही पाहू शकता. दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणा. सकाळी खिडकीपाशी बसा, नाणं कडेने धरा आणि उजेड तिरपा पडेल असं कलवा. शिवराई हाताने, घणाखाली पाडलेली. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे ठशावरचं सगळं क्वचितच चकतीवर उतरतं. एखादीवर 'श्री' अर्धी कापलेली, एखादीवर 'शिव'चा 'व' चकतीबाहेर गेलेला, टिंबांचं वर्तुळ तर बहुतेक वेळा एका बाजूलाच उरलेलं. ज्या शिवराईवर तिन्ही ओळी पूर्ण आहेत, मागे 'छत्र पति' मध्यभागी बसलंय आणि टिंबं अर्ध्याहून जास्त दिसतात, ती शेकड्यांतून एखादी निघते. त्यात अक्षरांचं वळण रेखीव आणि जुन्या धाटणीचं असेल तर संग्राहकाचा श्वास अडकतो. काहींवर 'शिव'ऐवजी 'सिव' असतं. अशा लहान फरकांचे प्रकार जमवणारे लोक आहेत आणि एखाद्याला नेमका तोच प्रकार हवा असतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी तर शिवराईपेक्षा कितीतरी कमी मिळतात, म्हणून दुसरी ओळ 'राजा' वाचून थांबू नका, तिसरी ओळ नीट वाचा. तुमच्या बाकीच्या शिवरायाही याच नजरेने पाहा. हिरव्या थराखाली आणखी एखादी असू शकते आणि म्हणूनही त्यांना घासायचं नाही.

या सगळ्याला जाणकार स्थिती म्हणतात. प्रदर्शनात तुम्हाला फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रा फाइन, यूएनसी असे शब्द ऐकू येतील. ते नाणं किती झिजलंय याचे दर्जे आहेत. यूएनसी म्हणजे वापरात न गेलेलं. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था १ ते ७० असे गुण देऊन नाणं प्लॅस्टिकच्या बंद डबीत घालून देतात, त्याला स्लॅब म्हणतात. एकाच सालच्या एकाच रुपयाचा भाव झिजलेल्या आणि न वापरलेल्या स्थितीत दहापटीने वेगळा असू शकतो. पण तुमच्या साध्या राजाछापांसाठी स्लॅबचा खर्च करू नका, तो नाण्याच्या किमतीहून जास्त होईल. एखादं नाणं खरोखर मोठं निघालं तरच त्याचा विचार करा.

कडी लावलेल्या सहा रुपयांना मात्र संग्राहक हात लावणार नाही. कडी जोडताना डाग दिलेलं नाणं, कडी काढून टाकली तरी, दागिन्यातलं नाणं म्हणूनच धरलं जातं. कडी काढून जागा घासून सारखी करणारे कारागीर आहेत, पण भिंगाखाली ती जागा कळते आणि मग विकणाऱ्यावरचा विश्वास जातो. त्यांना बाजारात चांदीचाच भाव आहे. सासूबाईंच्या माळेतल्या त्या नाण्यांची तुमच्या घरात जी किंमत आहे ती बाजारात कधीच मिळणार नाही, म्हणून ती विकूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वाटणीत ती मोजायची तर चांदीच्या भावाने मोजा आणि ज्या घरात माळ घातली जाईल तिथे द्या.

फारसी अक्षरांचा जाडसर रुपया बहुधा मराठ्यांच्या टांकसाळीतला असावा. मराठ्यांनी चांदीचे रुपये मुघल बादशहाच्या नावानेच पाडले, कारण बाजारात ते नाव चालत होतं. पुण्याच्या रुपयावर अंकुशाची खूण असायची, म्हणून तो अंकुशी रुपया. चांदवडचा तो चांदोरी. तुम्हाला हे वाचून आनंद होईल की तुमच्या शेजारी मिरजेलाही टांकसाळ होती आणि तिच्या रुपयांवर मिरजेचं नाव 'मुर्तजाबाद' असं फारसीत येतं. इथेही ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे टांकसाळीचं नाव आणि राज्यवर्ष (बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष ते) नेमकं कडेबाहेर जातं. ज्या रुपयावर ते पूर्ण आलं, त्याचा भाव नाव नसलेल्या रुपयाच्या कितीतरी पुढे असतो. कडेला लहान खोलगट खुणा असतील तर त्या सराफांनी चांदी तपासताना मारलेल्या असतात. त्या नाण्याच्या आयुष्याचा भाग आहेत, पण भाव थोडा उतरवतात. आणि मिरजेचा रुपया निघाला तर एक गोष्ट तुमच्या बाजूने आहे: आपल्या गावच्या टांकसाळीचं नाणं हवं असणारे लोक सांगली-मिरजेत जितके भेटतील तितके बंगळूरला किंवा दिल्लीला भेटणार नाहीत.

प्रदर्शनाच्या हॉलमधला भाव असाच ठरतो. तुमच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा होतो तेव्हा माल तोच असतो, पण त्या दिवशी कोणता व्यापारी उभा आहे आणि त्याला कुठल्या प्रतीची ऑर्डर पुरी करायची आहे, यावर बोली चढते. इथेही तसंच. ज्याच्या टेबलावर प्रजासत्ताक भारताची नाणी आणि नोटा मांडल्यात, त्याच्याकडे तुमच्या शिवराईचं गिऱ्हाईक नाही. तो घेईल तर पडून राहण्याच्या हिशेबाने घेईल. ज्याच्या टेबलावर शिवराया, अंकुशी, चांदोरी मांडलेल्या आहेत, त्याच्या डोक्यात ती घेणाऱ्याचा चेहरा आधीच असतो. शिवाय डीलरला टेबलाचं भाडं, प्रवास, मुक्काम सुटायचा असतो आणि नाणं विकलं जाईपर्यंत त्याचे पैसे अडकून राहतात. हजाराला विकेन असं वाटणारं नाणं त्याने पाचशे-सहाशेला मागितलं तर त्याला लुटणं म्हणू नका, दिरांनाही तसं सांगा. त्याच नाण्याचे दोनशे मात्र घेऊ नका.

पुढच्या वेळी डबा उघडण्याआधी पूर्ण हॉल एकदा रिकाम्या हाताने फिरा. कोण काय मांडून बसलंय ते पाहा. मराठा नाणी असलेल्या टेबलावर तुमच्या शिवराईसारखीच एखादी दाखवून विचारा, "ही कितीला द्याल?" दोन-तीन ठिकाणी विचारलं की विक्रीचा भाव कळतो. मग आपली काढा आणि विचारा, "ही कितीला घ्याल?" या दोन आकड्यांमधलं अंतर तुम्हाला समोरच्या माणसाबद्दल पुरेसं सांगेल. अख्खा डबा एकदम समोर ठेवू नका. डब्याचा एकत्र भाव सांगणारा माणूस चांगल्या नाण्यांची किंमत साध्यांच्या ढिगात बुडवून ठेवतो. एकेका नाण्याचा भाव लिहून घ्या. उत्तर देताना घाई करायला लावली तर उठून या, नाणं कुठे पळत नाही. लिलाव कंपन्यांच्या जुन्या लिलावांतल्या किमती इंटरनेटवर पाहायला मिळतात. त्या पाहाच, पण त्यात हातोडा पडलेला, म्हणजे प्रत्यक्ष विक्रीचा, भाव कोणता आणि मागितलेला कोणता, हे नीट वाचा. घेणाऱ्याला वर कमिशन आणि कर द्यावा लागतो, विकणाऱ्याच्या पैशांतूनही कंपनीचा वाटा कापला जातो. आणि ज्या स्थितीचं नाणं तिथे विकलं गेलं, त्याच स्थितीचं आपलं आहे का, हे प्रामाणिकपणे पाहा.

राम-सीतेच्या नाण्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. ईस्ट इंडिया कंपनीने राम-सीतेच्या चित्राची अशी नाणी कधीच पाडली नाहीत. ती नंतर यात्रा-बाजारांत विकण्यासाठी बनवलेली आहेत आणि देशभर हजारो घरांत आहेत. म्हणूनच कुणी पाहिलं नाही. देवघरात ठेवायला काहीच हरकत नाही, पण ते चमत्कारी आहे, तांदूळ ओढतं असं सांगत कुणी आलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. या राईस पुलरच्या नावाखाली शिकलेली माणसंही लाखोंना फसली आहेत. भोकाचे पैसे १९४३ ते १९४७ चे, भरपूर निघालेले. मुलांना द्या, त्यांना त्यातूनच या छंदाची गोडी लागते.

वैष्णोदेवीचं नाणं सरकारने काढलेलं खरं, पण ते भरपूर निघालं आणि वापरलेलं नाणं पाच रुपयांच्या आसपासच राहतं. भाच्याला एक गोष्ट मात्र ठणकावून सांगा. व्हिडिओखालच्या नंबरवर फोन केला की आधी नोंदणी शुल्क, मग कर, मग कमिशन असे पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं की जुन्या नाणी-नोटांच्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही आणि तिने असं शुल्क घ्यायला कुणालाही नेमलेलं नाही. नाणं विकणाऱ्याने पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात. आणि परदेशात विकायचा विचार सोडून द्या. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी पुरावशेष ठरतात आणि ती परस्पर देशाबाहेर पाठवता येत नाहीत. तुमची नाणी घरात वारशाने आलेली आहेत, त्यांची देशात विक्री करण्यात अडचण नाही. पण उद्या शेतात नांगरताना काही सापडलं तर गोष्ट वेगळी. त्याला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

दिरांशी भांडण होऊ नये म्हणून असं करा. दोघांनी एकत्र बसून वही घ्या. प्रत्येक नाण्याचं साल, वजन, स्थिती आणि दोन्ही बाजूंचे फोटो अशी यादी करा. १८६२, १९११ आणि १९३९ वगळून बाकीचे १९३८ पर्यंतचे झिजलेले रुपये आणि १९४० ते १९४५ चे चांदीच्या भावाने वाटून घ्या किंवा विका. सराफाकडे विकले तरी तुमचं फारसं नुकसान नाही, मात्र पावती घ्या. १८६२ चे, १९११ किंवा १९३९ चा निघाला तर तो, सगळ्या शिवराया आणि फारसी रुपया आत्ता वाटू नका आणि मोडीला तर अजिबात घालू नका. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संशोधन संस्था आणि संग्रहालय आहे. दोघं मिळून एकदा जाऊन या. तिथे मांडलेली नाणी पाहिलीत की आपल्या हातातल्या नाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि दिरांचं मतही कदाचित तिथेच बदलेल.

त्या फारसी रुपयाचे दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा. कडेचा तिसरा फोटो घ्या आणि सराफाच्या काट्यावरचं ग्रॅममधलं वजन दोन दशांश स्थळांपर्यंत लिहा. हे सगळं सदराच्या पत्त्यावर पाठवा. टांकसाळीचं नाव जेवढं वाचता येईल तेवढं वाचून कळवतो.